काळ्या पडद्यामागचा खान

एक गोष्ट आपण सगळ्यांनी कुठे ना कुठे वाचलेली किंवा पाहिलेली असते. डोंगरावर एक जुना किल्ला. मालक बडा माणूस, पण त्याचे वागणे संशयास्पद. त्याने कुणाला तरी आत डांबून ठेवले आहे, बहुधा एका तरुण मुलीला. दाराला बाहेरून कडी. रात्री कुठेतरी पावले वाजतात. मुलगी घाबरलेली असते, तरी हातात दिवा घेऊन ती आतल्या बोळात शिरते, जिना उतरते आणि ज्या दालनात जाऊ नकोस म्हणून बजावलेले असते नेमके त्याचेच दार ढकलते. वाचक मनात म्हणतो, अगं, जाऊ नकोस! आणि घाईघाईने पान उलटतो.

इंग्रजीत या प्रकाराला गॉथिक म्हणतात. होरेस वॉलपोलची ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’ ही त्यातली पहिली कादंबरी १७६४ ची. ॲन रॅडक्लिफ या बाईंची ‘द मिस्टरीज ऑफ युडॉल्फो’ १७९४ ची. ब्रॅम स्टोकरच्या ‘ड्रॅक्युला’त (१८९७) कैदी मुलगी नसून जोनाथन हार्कर नावाचा तरुण वकील आहे, पण किल्ला तोच, कुलूप तेच आणि मना केलेल्या दालनात शिरण्याची खोडही तीच. आपल्या रहस्यकथा, रामसे बंधूंचे सिनेमे आणि हवेलीचे सगळे चित्रपट या एका मुळातून पाणी पितात.

शिक्षकवर्गात आणि साहित्यवर्तुळात या प्रकाराला हलके समजण्याची पद्धत आहे. मला ती मान्य नाही. माणसाने कुणाला भ्यावे हे तो उपदेशातून शिकत नाही, गोष्टीतून शिकतो. म्हणून या गोष्टींना एक साधा प्रश्न विचारला पाहिजे, जो मराठी समीक्षेने पुरेसा विचारलेला नाही. या किल्ल्याचा मालक कोण आहे? त्याचे नाव काय, धर्म काय आणि ते कुणी ठरवले?

इंग्रजांचेच आधी पाहू. वॉलपोलने पहिल्या आवृत्तीत आपले पुस्तक स्वतःचे म्हणून सांगितलेच नाही. इटलीतल्या एका धर्मगुरूच्या जुन्या पुस्तकाचे भाषांतर म्हणून ते छापले. रॅडक्लिफबाईंचा खलनायक माँटोनी इटालियन. मॅथ्यू लुईसचा ‘द मंक’ (१७९६) माद्रिदमधला, म्हणजे स्पॅनिश. इंग्रज वाचक प्रॉटेस्टंट होता, त्यामुळे भीतीचे घर कॅथलिकांच्या देशात बांधले गेले. मठ, साधू, तळघर, धर्मन्यायालय, सगळे त्यांच्या माथी. आपल्या घरात भूत नाही, भूत शेजाऱ्याकडे आहे, अशी ही सोय होती.

‘गॉथिक’ हा शब्द तरी काय आहे? गॉथ हे युरोपातले एक लोक. त्यांनी इसवी सन ४१० मध्ये रोम लुटले. हजार वर्षांनंतर इटलीतल्या विद्वानांना टोकदार कमानींच्या जुन्या इमारती आवडेनाशा झाल्या, तेव्हा त्यांनी ‘गॉथांसारख्या’, म्हणजे रानटी, अशी शिवी दिली. तीच शिवी पुढे नाव झाली. लंडनचे सेंट पॉल बांधणारा ख्रिस्तोफर रेन म्हणत असे की या शैलीला गॉथिक म्हणणेच चूक आहे, ती मुळात सरासेनांची, म्हणजे मुसलमानांची आहे. आमच्या ‘यवन’ शब्दाचीही अशीच गत. मूळ अर्थ ग्रीक, आयोनियाचे लोक. शेकडो वर्षे वापरून वापरून तो मुसलमानाला चिकटवला गेला आणि चिकटवताना त्यात तिरस्कार भरला गेला. मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे गॉथिक शैलीतले आहे. रोज लाखो माणसे त्या कमानींखालून जातात आणि कुणालाही भूत दिसत नाही. म्हणजे भीती दगडात नसते, कमानीतही नसते. आत कुणाला बसवले आहे यात ती असते.

आणखी एक उदाहरण. चार्ल्स पेरो या फ्रेंच लेखकाने १६९७ साली निळ्या दाढीवाल्या श्रीमंताची गोष्ट छापली. तो नव्या बायकोला घराच्या किल्ल्या देतो आणि एक खोली उघडू नकोस म्हणतो. ती उघडते, तर आत आधीच्या बायकांची प्रेते. पेरोने हा माणूस तुर्क असल्याचे कुठेही म्हटलेले नाही. पण १७९८ साली लंडनच्या रंगभूमीवर जॉर्ज कोलमनने ही गोष्ट आणली तेव्हा ती थेट तुर्कस्तानात नेली. पुढच्या कितीतरी चित्रपुस्तकांत निळ्या दाढीवाल्याच्या डोक्यावर पगडी आणि हातात बाकदार तलवार आली. फ्रेंच खुनी मुसलमान झाला, आणि त्यासाठी कुणाला एक ओळीचाही पुरावा द्यावा लागला नाही.

आता आपल्या मराठीकडे येऊ. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ ची आणि ‘रत्नप्रभा’ १८६६ ची, नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ १८६८ ची. या अद्भुतरम्य कादंबऱ्यांत राजे, प्रधान, कारस्थाने, ताटातूट आणि शेवटी मीलन असा मामला. १८७१ साली रा. भि. गुंजीकरांची ‘मोचनगड’ पुस्तकरूपाने आली आणि मराठी ऐतिहासिक कादंबरी सुरू झाली. तिच्या नावातच गड आहे आणि ‘मोचन’ म्हणजे सुटका. इथून पुढे मराठी भयाला कायमचा पत्ता मिळाला. कल्पनेतल्या राज्याच्या जागी शिवकाल आला आणि कपटी प्रधानाच्या जागी खान आला. पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत कादंबऱ्या, नाटके, सिनेमे आणि मालिका यांनी हा खान इतक्यांदा उभा केला की त्याला आता स्वभाव द्यावा लागत नाही. सुरमा, अत्तर, पानाची पिंक आणि एक राक्षसी हसू, झाले काम. आणि आत कोंडलेली मुलगी नेहमी आपली, म्हणजे ‘त्यांची’.

मला इतिहास नाकारायचा नाही. संभाजी महाराजांना १६८९ मध्ये पकडून हाल हाल करून मारले, हा इतिहास आहे. त्यात कैदी खरा होता आणि त्याची यातनाही खरी होती. सुलतानांनी आणि सरदारांनी बायका पळवल्या, हेही खोटे नाही. त्या काळी कुठल्याही धर्माच्या फौजेने हेच केले. शिवाजी महाराजांच्या आरमारात दौलतखान होता आणि पत्रव्यवहार पाहणारा काझी हैदर होता, हाही इतिहासच आहे. पण गोष्ट रचताना कुठला इतिहास दिवाणखान्यात मांडायचा आणि कुठला माळ्यावर टाकायचा, हे कुणीतरी ठरवत असते. २०२५ साली ‘छावा’ हा चित्रपट आला. मार्चमध्ये नागपुरात दंगल पेटली, आणि या चित्रपटाने लोकांच्या भावना पुन्हा जाग्या केल्या असे खुद्द मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत सांगितले. गोष्ट ही केवळ करमणूक असते असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

कोकणातल्या मुरुडला जंजिऱ्याच्या नवाबाचा राजवाडा आहे. मुघल आणि गॉथिक वळणाचा, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेला, समुद्राकडे तोंड करून उभा. त्यात माणसे राहिली, लग्ने झाली, मुले वाढली. पण रामसे बंधूंच्या भयपटांचे चित्रीकरण तिथे झाले आणि देशभरातल्या प्रेक्षकांनी ती इमारत पाहिली ती भुताची हवेली म्हणून. शहर उभे राहण्याआधी जसा त्याचा नकाशा छापावा तसे आपले झाले आहे. माणूस भेटण्याआधी त्याची हवेली ठरलेली असते.

भुतेही यातून सुटलेली नाहीत. आपल्या गावोगावी भुतांनासुद्धा जात आहे. ब्राह्मणाचा ब्रह्मराक्षस, मुंज झालेल्या पोराचा मुंजा, बाळंतपणात गेलेल्या बाईची हडळ. आणि मुसलमान मेला तर त्याचा खवीस, असे अनेक ठिकाणी सांगतात. हा शब्द आपल्याच अरबी-उर्दूतल्या ‘खबीस’चा, म्हणजे नीच, अपवित्र. आमच्याच भाषेतली शिवी घेऊन आमच्याच मेलेल्याला लावली, आणि ती आम्हीही मुकाट्याने वापरतो.

उर्दू माध्यमाच्या शाळेतल्या मुलांना मराठी हा विषय असतो. ती मुले धडपडत मराठी वाचतात, आणि ज्यांना गोडी लागते ती वाचनालयातून गोष्टीची पुस्तके नेतात. अशाच एका आठवीतल्या मुलीने मला विचारले होते, “मॅडम, हर कहानी में खान इच कायकू बुरा रहता?” तिचे स्वतःचे आडनाव खान. पुस्तक वाचताना शंभर पाने ती त्या कोंडलेल्या मुलीबरोबर होती. तिच्यासोबत घाबरली, तिच्यासोबत जिना उतरली. शेवटच्या दालनात पोहोचल्यावर तिला कळले की ज्याच्यापासून पळायचे आहे त्याचे नाव आपल्या अब्बांचे आहे.

या प्रश्नाला आपल्या समाजात दोन उत्तरे मिळतात. दोन्हींशी माझे भांडण आहे.

पहिले उत्तर बंदीवाल्यांचे. पुस्तक शाळेतून काढा, निवेदन द्या, मोर्चा काढा. यातून काय होते? पुस्तक मोठे होते आणि आपण अजून लहान होतो. किल्ल्याच्या गोष्टीत आरडाओरडा करणारे एक पात्र हवेच असते. ते आपण फुकटात पुरवतो.

दुसरे उत्तर आपल्या शहाण्यासुरत्या बुजुर्गांचे. मुलांना मराठी गोष्टी देऊच नका, अभ्यासापुरते मराठी पुरे. जिन, भूत, तिलिस्म हे सगळे गुमराही आहे, तेही नको. म्हणजे मुलीने खोलीत बसून राहावे, दिवा विझवावा आणि बाहेरून कुणी कडी काढील याची वाट पाहावी. मी म्हणते, ही तर किल्लेदाराचीच इच्छा आहे!

रॅडक्लिफबाईंच्या कादंबरीत एक प्रसंग आहे. युडॉल्फोच्या किल्ल्यात कोंडलेली एमिली एका दालनात शिरते. भिंतीवर काळा पडदा आहे. ती तो उचलते, आतले पाहते आणि बेशुद्ध पडते. काय पाहिले हे लेखिका शेकडो पाने सांगत नाही. अगदी शेवटी कळते की पडद्यामागे मेणाचा पुतळा होता. एमिलीने तो पुन्हा पाहिलाच नाही, म्हणून ती इतके दिवस भ्याली. दुसऱ्यांदा पडदा उचलून दिवा जवळ नेला असता तर मेण ओळखू आले असते. आपल्या मुलांना मी हेच सांगते. मराठीच्या किल्ल्यात आत जा, आणखी आत जा. पडद्यामागचा खान जवळून पाहा. तो मेणाचा आहे. कुणी ओतला, कुठल्या साच्यात ओतला, कुठल्या वर्षी ओतला हे सगळे त्याच्या अंगावर लिहिलेले सापडते. वर मी जी नावे आणि साले दिली ती यासाठीच.

पण मेणाचा पुतळा आहे म्हणून किल्ल्यात धोका नाही, असे नव्हे. त्याच कादंबरीत माँटोनीला खरे काय हवे असते? त्याला भुते नको आहेत, त्याला सही हवी आहे. एमिलीच्या आत्याची, आणि ती मेल्यावर एमिलीची मालमत्ता त्याला आपल्या नावावर करून हवी आहे. सगळा अंधार, सगळी कुलपे त्या एका कागदासाठी आहेत.

आमच्या हिंगोलीचाच दाखला देते. निजामाच्या काळात इथे इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या पलटणींची छावणी होती. निजामाच्या चाकरीतल्या मेडोज टेलर या अधिकाऱ्याने १८३९ साली ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी लिहिली. तिचा नायक-खलनायक अमीर अली, मुसलमान. जगभर ठग म्हटला की अमीर अली डोळ्यांपुढे आला. पण त्याच पुस्तकाच्या प्रस्तावनेत टेलर हिंगोलीचा एक किस्सा सांगतो. छावणीतला एक प्रतिष्ठित व्यापारी होता, हरीसिंग. टेलरने स्वतः त्याच्याशी व्यवहार केलेला. या हरीसिंगाने मुंबईहून कापड आणण्याचा परवाना मागितला, वाटेत मालाच्या खऱ्या मालकाला नोकरचाकरांसह मारले आणि ते कापड त्याच परवान्यावर छावणीत आणून उघड विकले. छावणीच्या बाजारातच, मुख्य पहाऱ्यापासून शंभर यार्डांच्या आत माणसे मारली गेली आणि पहारेकऱ्यांच्या रांगेपासून जवळच पुरली गेली. ते खड्डे उकरताना टेलर हजर होता. ठगांची इंग्रजांनी केलेली वर्णने किती खरी आणि किती फुगवलेली यावर इतिहासकारांत वाद आहे, तो असो. मला हरीसिंगाच्या धर्माशी कर्तव्य नाही. ठगांच्या टोळ्यांत दोन्ही धर्मांचे लोक होते. मला एवढेच दाखवायचे आहे की कादंबरीने अमीर अलीकडे बोट दाखवले तेव्हा भर बाजारात, हसतमुखाने गज लावून कापड मोजणारा माणूस कुणाच्या ध्यानात राहिला नाही. खरी दहशत बहुधा अशीच असते. तिच्याकडे परवाना असतो.

आता हाच दिवा आपल्या घरात फिरवू, कारण लेख इथेच थांबवला तर मीही शेजाऱ्याच्या घरात भूत बसवणाऱ्यांपैकीच एक ठरेन.

आपली उर्दू दास्तान घ्या. ‘तिलिस्म-ए-होशरुबा’ लखनौच्या नवलकिशोर छापखान्यातून १८८३ पासून छापली जाऊ लागली. तिच्यातही किल्ले आहेत, कैदी आहेत, जादूगारांचा बादशहा अफरासियाब आहे. आणि ते जादूगार कोण? एका अल्लाला न मानणारे. हरले की एक तर कलमा पढायचा, नाही तर मरायचे. म्हणजे मेणाचे पुतळे ओतण्याचा कारखाना आपल्याकडेही होता. शेजारच्या घरातला मुलगा ही दास्तान वाचील तेव्हा त्यालाही शेवटच्या दालनात आपल्याच अब्बांचे, म्हणजे बापाचे नाव दिसेल. हे आपण कबूल करणार की नाही?

आणि घरातले कैदखाने? १९३२ साली लखनौमध्ये ‘अंगारे’ छापला गेला. त्यात रशीद जहाँ यांची ‘पर्दे के पीछे’ ही नाटिका होती, जनानखान्यातल्या बाईच्या तोंडून सांगितलेली. १९३३ मध्ये सरकारने पुस्तक जप्त केले आणि त्यासाठी ओरडणारे आपलेच लोक होते. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंनी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईत विधानसभेवर नेला, तेव्हा त्या सात जणींना काय काय ऐकावे लागले असेल याची कल्पना करा. तोंडी तलाकविरुद्ध कायदा यायला २०१९ साल उजाडले. तो कुणी, कशासाठी आणला यावर मीही वाद घालीन. पण त्रेपन्न वर्षे आपण स्वतः ती कडी का काढली नाही, याचे उत्तर दुसऱ्या कुणावर ढकलता येत नाही.

माँटोनीचा कागदही आपल्या घरात आहे. त्याला आपण हक्कसोडपत्र म्हणतो. सूरह निसाने मुलीला भावाच्या निम्मा वाटा दिला. १९३७ च्या शरियत कायद्याने शेतजमीन बाहेर ठेवली आणि उरलेली कसर भावांनी भरून काढली. बाप गेला की चाळिसाव्याच्या जेवणानंतर बहिणींना ओटीवर बसवतात. “तुला माहेर तोडायचे आहे का?” एवढे एक वाक्य पुरते. ती सही करते. किल्ला नाही, बेडी नाही, विजा नाहीत. चहाचा कप मात्र असतो. शरियत धोक्यात असल्याचे ऐकून रस्त्यावर येणाऱ्यांपैकी किती जणांनी आपल्या बहिणीला शरियतचा वाटा दिला आहे? या एका प्रश्नावर मी कुठल्याही सभेत उभी राहायला तयार आहे.

मग आपण लिहायचे काय? १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. तेव्हापासून आपण लेख लिहिले, आत्मकथने लिहिली, कविता लिहिल्या. आमच्यावर अन्याय झाला, आम्ही इथलेच आहोत, हे पुन्हा पुन्हा सांगितले. ते सांगणे गरजेचे होते. पण साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहून दिलेली जबानी वेगळी आणि वाचकाला हाताला धरून अंधाऱ्या जिन्यावरून नेणे वेगळे. जबानी ऐकून माणूस मान डोलावतो. जिन्यावर तो आपल्याबरोबर घाबरतो. आजवर आपण त्यांच्या कैद्याबरोबर घाबरत आलो. त्यांना आपल्या कैद्याबरोबर एकदाही घाबरवलेले नाही.

अशी कैदी नाही असे थोडेच आहे? कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेची कथा प्रत्येक मराठी मुलाला ठाऊक आहे. ती इतिहास किती आणि आख्यायिका किती यावर वाद आहेत. महाराजांनी तिला सन्मानाने परत पाठवले, हे मराठी मनाने अभिमानाने जपले. सावरकरांनी ‘सहा सोनेरी पाने’ या पुस्तकात मात्र याच औदार्याला दोष दिला. अशा रीतीने तिच्यावरून वाद झाले, चित्रे निघाली, भाषणे झाली. पण लुटीच्या मालाबरोबर दरबाराकडे नेली जात असताना, पुढे काय होणार हे माहीत नसताना त्या बाईच्या मनात काय चालले होते, हे लिहायला आपल्यापैकी कुणी बसले का? सगळ्या मराठी गोष्टींत हीच एक कैदी आपली, आणि तिला आपणही मुकीच ठेवले.

आणि १९४८? रझाकारांच्या धुमाकुळात मराठवाड्यातली हिंदू कुटुंबे रानात लपली. सप्टेंबरच्या पोलीस कारवाईनंतर मुसलमान कुटुंबांवर तीच पाळी आली. सुंदरलाल समितीने आपल्या अहवालात २७ ते ४० हजार माणसे मेल्याचा अंदाज दिला. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड हे जिल्हे सर्वांत जास्त होरपळले. तो अहवाल कित्येक दशके लोकांपुढे आला नाही. कपाटात बंद करून ठेवलेला कागद, तोही आपल्याच घराविषयीचा! याहून मोठे कुलपाचे दालन कुठल्या कादंबरीत आहे? आपल्या भागात अजून गढ्या उभ्या आहेत. पांढऱ्या मातीच्या भिंती ढासळतात, बुरुजावर बोरी उगवल्या आहेत, आत नाग धनावर बसला आहे असे सांगतात. त्या भिंतींआड एकाच वर्षात आधी एका धर्माची आणि नंतर दुसऱ्या धर्माची माणसे श्वास रोखून बसली असतील. ही गोष्ट मराठीतच लिहिली पाहिजे. ती लिहिणाऱ्याला दोन्ही दारांच्या कड्या काढाव्या लागतील.

दास्तानीतला तिलिस्म तोडायला तलवार पुरत नाही. त्यासाठी लौह लागते, म्हणजे पाटी, जिच्यावर पुढची वाट लिहिलेली असते. ती पाटी तिलिस्मातच कुठेतरी दडवलेली असते. बाहेर बसून ती मिळत नाही. म्हणून उर्दू शाळांतल्या माझ्या सहकाऱ्यांना माझी विनंती आहे की मुलांच्या हातून मराठी पुस्तक काढून घेऊ नका. नारायण धारप द्या, मतकरी द्या, किल्ल्यांच्या कादंबऱ्याही द्या. वाचून झाल्यावर मुलांना तो एकच प्रश्न विचारायला शिकवा, किल्ल्याचा मालक कोण आणि त्याला कुणी मालक केले? आणि या अंकात लिहिणाऱ्यांना विनंती की पुढच्या वर्षी आणखी एक तक्रार पाठवण्याऐवजी एक गढी पाठवा, एक सुभेदाराची सून पाठवा, ओटीवर सही करणारी एक बहीण पाठवा. त्या आठवीतल्या मुलीला मी अजून काही वाचायला देऊ शकलेली नाही. ते पुस्तक मराठीत नाही, कारण ते आपण लिहिलेले नाही.